सुताराचा न्याय

भिंत सरळ आहे कीं नाहीं हें ओळंबा सोडला म्हणजे क्षणांत कळतें. कोपऱ्याचें तसें नाहीं. दोन भिंती, प्रत्येक आपापल्या परीनें सरळ, एकमेकींना भेटतांना काटकोन करतात किंवा करीत नाहींत याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. वर्षानुवर्षें त्या घरांत माणसें जेवतात, झोंपतात, मुलांचीं लग्नें करतात, आणि कोपऱ्याचा दोष झांकलेलाच राहतो. तो बाहेर पडतो एखाद्या क्षुल्लक कारणानें. कोणाला तरी छताच्या कडेनें शोभेची पट्टी फिरवावीशी वाटते, आणि मग त्या पट्टीचीं दोन टोंकें कोपऱ्यांत एकमेकांना मिळेनाशीं होतात.

आमच्या घरीं असेंच झालें. कल्याणास पारनाक्याच्या बाजूस आमचा जुना वाडा होता. तो पाडून तेथें आतां इमारत उभी राहिली आहे. वाडा पाडावयाच्या आदल्या दिवशीं माजघराच्या तक्तपोशीखालची सागाची पट्टी मीं काढून आणली. नक्षीकाम म्हणावें असें तिच्यावर कांहीं नव्हतें. तीन कंगोरे आणि मधून एक पन्हळ, एवढेंच. भिंत व तक्तपोशी यांच्या सांध्यावर ती तिरपी बसविलेली असे, आणि तो सांधा झांकणें हेंच तिचें काम होतें. दोन तुकडे शाबूत निघाले, एक साडेसात फुटांचा व एक पांच फुटांचा. डोंबिवलीच्या आमच्या जागेंत ते कित्येक वर्षें पलंगाखालीं पडून होते. गेल्या श्रावणांत, गणपतीच्या आधीं रंगकाम निघालें, तेव्हां देवघराच्या कोपऱ्यांत छताखालीं ती पट्टी बसवावी असें ठरलें, आणि मुरबाडकडचे एक मिस्त्री आपलें यंत्र घेऊन आले.

या यंत्रास कंपाउंड मायटर सॉ असें नांव आहे. पूर्वीं हें काम एका लांकडी पेटीनें होई. पेटीच्या दोन्ही बाजूंस पंचेचाळीस अंशांवर खांचा पाडलेल्या असत. पट्टी आंत धरून त्या खांचांतून हातकरवत चालविली कीं तिरपें टोंक तयार. यंत्रांत गोल पातें विजेनें फिरतें. तें मेजावर डावीउजवीकडे वळवितां येतें आणि शिवाय एका अंगास कलवितांहि येतें, त्यामुळें एकाच घावांत दोन उतार मिळतात. छताखालीं तिरप्या बसणाऱ्या पट्टीला याची गरज असते, कारण ती मेजावर उताणी ठेवून कापावयाची तर एका कोनानें भागत नाहीं. भिंतीशीं पंचेचाळीस अंशांचा कल असलेली पट्टी काटकोनी कोपऱ्यांत बसवावयाची असेल तर पातें मेजावर ३५.३ अंश वळवावें आणि ३० अंश कलवावें, असें गणित सांगतें; तो कल अडतीस अंशांचा असेल तर तेच आंकडे ३१.६ आणि ३३.९ होतात. हे आंकडे इतके रुळलेले आहेत कीं पुष्कळ यंत्रांवर त्यांपैकीं कांहींच्या खांचाच पाडलेल्या असतात. पातें जवळ आलें कीं खिट्टी आपोआप आंत पडते.

मिस्त्रींनीं आमच्या पट्टीला मात्र हात लावला नाहीं. त्यांनीं पिशवींतून टाकाऊ लांकडाचे दोन तुकडे काढले, ते खांचेवरच्या आंकड्यांनीं कापले आणि शिडीवर चढून कोपऱ्यांत धरले. भिंतीपाशीं दोन्ही टोंकें एकमेकांस चिकटलीं होतीं. खोलीकडच्या अंगास मात्र सुताहून थोडी जास्त फट राहिली होती. ज्यांना सूत म्हणजे काय तें ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों, इंचाचा आठवा भाग. मी म्हणालों, “मिस्त्री, आंकडा तर यंत्रावर लिहिलेला आहे.” ते खालीं न पाहतां म्हणाले, “आंकडा यंत्राचा आहे, काका. कोपरा तुमचा आहे.”

कोपरा ब्याण्णव अंशांचा निघाला. मग त्यांनीं आमच्यापुढें तीन मार्ग ठेवले. पहिला सोपा: आंकड्याप्रमाणें कापावें आणि जी फट राहील तींत लांबी भरून वरून पॉलिश मारावें, वर्षभर तरी कोणाला दिसणार नाहीं. दुसरा असा कीं ब्याण्णवाचे दोन समान भाग करावे आणि दोन्ही पट्ट्या शेचाळिसाच्या हिशेबानें कापाव्या. तिसरा, एक पट्टी न तासतां सरळ भिंतीला नेऊन भिडवावी आणि दुसरीचें टोंक पहिलीच्या कंगोऱ्यांना बरोबर बसेल असें बारीक करवतीनें कोरून काढावें. “तिसऱ्यांत कोन मोजावाच लागत नाहीं,” ते म्हणाले, “आणि सांधा उघडत नाहीं.”

आमच्या सौभाग्यवती चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनीं ऐकून घेतलें आणि सहज म्हटलें, “म्हणजे एकानें सरळ उभें राहायचें आणि दुसऱ्यानें कोरून घ्यायचें.” मिस्त्री हंसले. मीहि हंसलों, पण तें वाक्य माझ्या मनांतून अजून गेलेलें नाहीं, आणि हा लेख त्याचेंच फळ आहे.

प्रथम लांबीचा विचार करूं. सांध्यांत लांबी भरणें हें खोटें आहे काय? रस्किननें १८४९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या वास्तुकलेवरील ग्रंथांत सत्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. लांकडाला संगमरवराचा रंग देणें, यंत्रानें घडविलेले अलंकार हातकामाच्या जागीं बसविणें, या सर्वांना तो लबाडी म्हणतो. त्याच्या हिशेबानें तर आजचें डोंबिवलींतलें एकहि घर शुद्ध ठरणार नाहीं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत नव्या इमारतींतून ज्या शोभेच्या पट्ट्या दिसतात त्या बहुतेक प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, प्लॅस्टिकच्या, किंवा लांकडाच्या भुशाच्या फळीवर सागाच्या छापाचा कागद चिकटविलेल्या. पण त्याच प्रकरणांत रस्किननें एक सूट दिली आहे, आणि माझ्या मतें सारें मर्म त्या सुटींत आहे. इमारतीवरचा सोन्याचा मुलामा लबाडी नव्हे, कारण ती वस्तु भरीव सोन्याची आहे असें कोणी समजत नाहीं. तोच मुलामा दागिन्यावर दिला तर लबाडी, कारण तेथें तसें समजलें जातें. म्हणजे खोटेपणा वस्तूंत नसून पाहणाराचा जो समज होऊं दिला जातो त्यांत आहे. छापील सागाला आमच्या सोसायटींत कोणी साग समजत नाहीं, म्हणून तो निरुपद्रवी. बिलावर मात्र साग लिहिला तर तो गुन्हा. लांबीचेंहि तसेंच. मिस्त्रींनीं शिडीवरून फट दाखविली आणि मग लांबीची गोष्ट काढली, तेथेंच ती दुरुस्ती झाली. दार लावून भरली असती तर फसवणूक झाली असती. लांबी तीच, हात तोच.

तरीहि लांबीवर माझें मन बसेना, आणि त्याचें कारण नीतीपेक्षां हवेंत आहे. आपल्या कोंकणपट्टींत लांकूड पावसाळ्यांत फुगतें व कोरड्या हिंवाळ्यांत आकसतें. तेंहि रुंदींत, लांबींत जवळजवळ नाहींच. त्यामुळें पंचेचाळीस अंशांवर जोडलेल्या दाराच्या चौकटीकडे पाहावें, तर पावसाळ्यांत तिची फट बाहेरच्या टोंकाला असते आणि हिंवाळ्यांत आंतल्या. लांबी या येरझारेला साथ देत नाहीं. ती कधीं तरी चिरते आणि मग मूळच्या फटीपेक्षां कुरूप दिसते. झांकलेल्या दोषाचें हें वैशिष्ट्य माणसांच्या व्यवहारांतहि कोणी पाहिलें नसेल असें नाहीं. असो.

आतां दुसरा मार्ग. येथें नियम आणि प्रसंग यांचें जुनें भांडण आहे. पंचेचाळीस हा नियम निर्दोष आहे. तो काटकोनाचा अर्धा आहे आणि जगांतल्या प्रत्येक काटकोनाला लागू पडतो. दोष इतकाच कीं माझा कोपरा काटकोन नाहीं. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या पांचव्या भागांत हाच पेंच घेतला आहे. कायदा सामान्य शब्दांत बोलतो, प्रसंग नेहमीं विशेष असतो. म्हणून कायदा जेथें अपुरा पडतो तेथें त्याला सुधारून घेणारी एक समबुद्धि लागते, असें तो म्हणतो, आणि दृष्टान्त देतो तो गवंड्यांचा: लेस्बॉस बेटांतले कारागीर शिशाची मोजपट्टी वापरीत, आणि ती दगडाच्या आकाराप्रमाणें वांके. कांहीं इंग्रज भाषांतरकार तर ही पट्टी कंगोऱ्यांच्या कामासाठींच असे असें समजतात. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या त्या तत्त्वज्ञाला हा विचार कंगोरेवाल्या कारागिराजवळ सांपडला, हें वाचून मला आमच्या मिस्त्रींविषयीं एक नवाच आदर वाटूं लागला.

आपल्याकडेहि ही विद्या उपेक्षित नव्हती. मानसार या शिल्पग्रंथांत लांकडांच्या जोडांवर संधिकर्म नांवाचा स्वतंत्र अध्यायच आहे. आणि ज्या कल्याणची ती पट्टी, त्या कल्याण-भिवंडीच्या खाडींतच सतराव्या शतकांत शिवाजीमहाराजांनीं आपलीं पहिलीं जहाजें बांधावयास घेतलीं होतीं. जहाजाच्या बांध्यांत काटकोन जवळजवळ नसतोच. प्रत्येक फळीचा उतार जागेवर जाऊन घ्यावा लागतो, आणि फांसळ्यांसाठीं तर मुळांतच बांक असलेलें झाड मुद्दाम शोधतात. कांटनें १७८४ सालच्या एका निबंधांत मनुष्यजातीला वांकड्या लांकडाची उपमा दिली आहे ती निराशेच्या सुरांत. जहाजाच्या सुतारांशीं त्याचा परिचय असता तर त्यानें दुसरी कोणती तरी उपमा शोधली असती, असें मला आपलें वाटतें.

येथें माझे एक स्नेही आक्षेप घेतात. ते ठाण्यास पुष्कळ वर्षें गणित शिकवीत होते. त्यांचें म्हणणें असें: “प्रत्येकाच्या कोपऱ्याप्रमाणें आंकडा बदलूं लागलात तर जगांत काटकोनी कोपरा एकाचाहि निघणार नाहीं. जो तो म्हणेल, माझी गोष्ट वेगळी.” हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. आमची इमारत बांधणारानेंहि कदाचित् याच न्यायानें दोन अंश सोडून दिले असतील. परीक्षेंत गुण वाढवून मागणारा, कर चुकविणारा, रांग मोडणारा, प्रत्येकाजवळ आपापला ब्याण्णव अंशांचा कोपरा असतो.

पण मिस्त्रींनीं काय केलें तें नीट पाहावें. त्यांनीं “साधारण थोडें जास्त धरूं” असें म्हटलें नाहीं. सैल पात्याचा गुण्या कोपऱ्यांत दाबून त्यांनीं तो कोन कागदावर उतरविला, कंपासानें त्याचे दोन भाग केले, आणि त्यावरून नवे आंकडे काढले: वळण सुमारें ३४.३, कल सुमारें २९.४. एका अंशाच्या आंतबाहेरचा हा फरक. पण तो मोजलेला होता, सर्वांच्या समोर मोजलेला होता, आणि मोजणाराचा त्या भिंतीशीं कांहीं स्वार्थ नव्हता. शिवाय ‘कोपऱ्याचा अर्धा’ हा मूळ नियम तसूभरहि वांकला नाहीं. बदलला तो कोपऱ्याविषयींचा आमचा समज. सवलत मागणारा बहुधा याच्या उलट करतो. तो कोपरा मोजूं देत नाहीं आणि नियम वांकवूं पाहतो. हा भेद मीं आमच्या स्नेह्यांपुढें मांडला. ते म्हणाले, “मग मोजणारा मिस्त्री तुमच्यासारख्या प्रत्येकाला मिळेल काय?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें.

समान विभागणींत आणखी एक गोष्ट आहे, ती मला आधीं ठाऊक नव्हती. मला वाटत होतें कीं एकूण दोन अंशांची भर घालावयाची आहे. मग एक पट्टी पंचेचाळिसांवर राहूं द्यावी आणि दुसरी सत्तेचाळिसांवर कापावी, म्हणजे निदान एकीला तरी नेहमींची खांच चालेल. मिस्त्रींनीं तेंहि टाकाऊ तुकड्यांवर करून दाखविलें. फट बुजली, पण कंगोऱ्याला कंगोरा मिळेना. ज्या टोंकाचा उतार वेगळा त्याच्या कापाची लांबीहि वेगळी होते, आणि मग एका पट्टीवरची रेघ दुसऱ्या पट्टीवर पोंचतांना खालींवर होते. दोषाचा वांटा दोघींनीं सारखा उचलला तरच रेघ अखंड वाहते. हें भूमितीनें सिद्ध होतें, त्यांत भावनेचा कांहीं संबंध नाहीं. म्हणूनच मला तें अधिक खुपलें.

कारण आमच्या घरचा कोपरा मीं तिसऱ्या मार्गानें बसविला होता. सौभाग्यवतींचें माहेर ठाण्याचें, नौपाड्यांतलें. लग्नापूर्वीं त्या तेथल्या एका शाळेंत शिकवीत असत. कल्याण-ठाणें हें अंतर गाडीनें फार नाहीं; मुंबईहून निघालेली हिंदुस्थानांतली पहिली प्रवासी गाडी १८५३ सालीं ठाण्यास आली आणि पुढच्याच वर्षीं रूळ कल्याणपर्यंत पोंचले, म्हणजे तें अंतर आमच्या लग्नाच्या फार आधीं मिटलें होतें. पण वाड्यांतली सकाळ साडेपांचला सुरू होई, माझ्या वडिलांचें जेवण ठरल्या वेळीं लागे, आणि शाळेची वेळ या दोहोंत बसेना. नोकरी सुटली. सोड असें कोणीहि म्हटलें नाहीं. राहूं दे असेंहि कोणी म्हटलें नाहीं. त्यांच्या माहेरच्या आमटींत गूळ अगदीं बेताचा, आमच्याकडे भरपूर. वर्षभरांत आमटी आमची झाली. पुढें बोलण्यांतले कांहीं शब्दहि आमचे झाले. येणारेजाणारे म्हणत, “सूनबाई किती छान मिसळून गेली!” आणि खरोखरच सांध्यांत फट म्हणून दिसत नसे. मीं त्या गोष्टीचा अभिमान वाहिला आहे. मीं स्वतः कोणत्या बाजूनें एक अंश तरी तासला गेलों, असें कोणी विचारलें तर मला आठवावें लागेल, आणि आठवून सांपडेल अशी खात्री नाहीं.

प्रामाणिकपणें सांगावयाचें तर कारागिरीच्या दृष्टीनें तिसरा मार्ग हलका नव्हे. आंतल्या कोपऱ्यांसाठीं इंग्रजी पद्धतीचे जाणते सुतार तोच पसंत करतात. भिंती वांकड्यातिकड्या असल्या तरी तो निभावतो, आणि ऋतुमानानें उघडा पडत नाहीं. कुटुंबें टिकलीं तीं पुष्कळशीं याच जोडावर टिकलीं हेंहि नाकारण्यांत अर्थ नाहीं. लांकडाला वेदना नसते. म्हणून लांकडाविषयीं एवढ्यावर विचार संपवितां येतो. पण कोरलेलें टोंक मिस्त्रींनीं माझ्या हातांत दिलें तेव्हां मीं त्याच्या कडेवरून बोट फिरविलें. ती कड कागदासारखी पातळ झाली होती. “जपून,” ते म्हणाले, “याचा टवका लगेच उडतो. सरळ पट्टीला कांहीं होत नाहीं.”

दोन पट्ट्यांपैकीं कोणती कोरावयाची हें ठरविण्याची वेळ आली, तेव्हां मिस्त्रींनीं विचारलें, “काकू, लांब पट्टी ठेवूं सरळ, कीं आंखूड?” सौभाग्यवती शिडीचा पाय धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “कोणतीच कोरूं नका. अर्धें अर्धें करा.”

मग ती सागाची पट्टी मेजावर चढली. यंत्राची खिट्टी पुन्हां पुन्हां ओळखीच्या खांचेंत पडूं पाहत होती. पातें एका अंशानें अलीकडे थोपवून धरण्यासाठीं मिस्त्रींना मूठ दोनदां आवळावी लागली. कापतांना जो वास सुटला तो वाड्याच्या माजघराचा होता. मीं तसें बोलून दाखविलें. सौभाग्यवती कांहीं बोलल्या नाहींत. खंडेनवमीला मिस्त्री यंत्राला हळदकुंकू लावतात कीं नाहीं असें मीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, “करवतीला लावतों, याला कां नाहीं?”

सांधा चांगला बसला. गणपतींत आलेल्या पाहुण्यांपैकीं एकाचेंहि तिकडे लक्ष गेलें नाहीं. पौषांत मात्र, देवासमोर समई लावतांना, सौभाग्यवतींनीं वर पाहिलें आणि मला हांक मारली. कोपऱ्यांत केंसाएवढी काळी रेघ उमटली होती. मीं मिस्त्रींना फोन करून लांबी भरावी काय असें विचारलें. ते म्हणाले, “नका भरूं, काका. पाऊस येऊं द्या.”